बंद केला तर

दौंडहून आलेल्या पोपट मेकॅनिकने कॉम्प्युटरला कान लावला आणि म्हणाला, "वहिनी, हार्ड डिस्क करकरती. चालू हाय तवर चालू द्या. बंद केला तर पुन्हा उठंल याची ग्यारंटी न्हाई."

तेव्हापासून राहू गावातल्या त्या घरात अनुपमाने कॉम्प्युटर बंद केलाच नाही. गावच्या शाळेतल्या शंकरराव सरांचा पीएचडीचा प्रबंध त्यात होता. शेतातून येऊन, स्वयंपाक आवरून तिने तो उन्हाळाभर टाइप केला होता. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता. फ्लॉपी ड्राइव्ह धुळीने गेलेला, म्हणून तो सीडीवर उतरवून घ्यायला पोपट रविवारी सीडी रायटर घेऊन येणार होता.

लाईट गेली तरी मशीन चालावं म्हणून तिच्या नवऱ्याने, रविराजने, ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून दिली होती. सासरे सर्जेराव येता-जाता ऐकवत. "माझा ट्रॅक्टर उन्हात उभा, आन् ह्या डब्याला पंखा."

शेजारच्या मालनबाईने दारातून विचारलं, "बाळंतीण हाय का काय गं घरात? उंबरा सोडंना झालीस."

अनुपमाला हसू आलं नाही. भाकरी थापता थापता ती उठायची, पडद्यावरचा बाण हलतो का बघायची, परत चुलीपाशी यायची. तोवर तव्यावरची करपलेली असायची.

रविवारी दुपारी आभाळ भरलं. वीज कडाडली तशी सासू साळूबाई धावत आली. "पिन काढ आधी."

"आत्या, बंद पडंल."

"पडू दे. मालनीचा टीव्ही जळाला तसा जळंल मग."

काढली तरी जाणार, ठेवली तरी जाणार. अनुपमा नुसतीच खोलीत फिरत राहिली. मग म्हणाली, "इन्व्हर्टरची पिन काढा. बॅटरीवर चालंल."

साळूबाईने पिन ओढली. पडदा तसाच उजळ राहिला.

"आन् बॅटरी उतरली की?" सर्जेराव म्हणाले.

पोपट निथळत आला. रायटर मात्र पिशवीत कोरडा होता. सीडी फिरून बाहेर येईपर्यंत अनुपमा बसली नाही.

"झालं. करा आता बंद."

"थांबा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडती का बघितल्याबिगर न्हाई."

"वहिनी, माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय. सीडीवर न्हाई."

"चल, मीच गाडीवर दौंडला सोडतो," सर्जेराव चप्पल घालत म्हणाले. "त्याबिगर माझी बॅटरी काय सुटायची न्हाई."

दौंडला पोपटच्या दुकानात फाइल उघडली. अनुपमा शेवटच्या पानापर्यंत गेली, मधली पानं चाळली. मग मालनबाईच्या फोनवर सासूला बोलावून घेतलं.

"आत्या, आता बंद करा."

"इन्व्हर्टरची पिन तर मघाच काढली. आता कुठली काढू?"

"कॉम्प्युटरची."

"नक्की?"

अनुपमाने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. "काढा," ती म्हणाली. फोन ठेवला आणि प्रबंध पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला लागली.