फुकटचा वॉचमन

तात्याबा टेंगले एकतीस वर्षं गेटवर होते. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांची पावडर बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या गेटवर. लागले तेव्हा हातात काठी होती, रिटायर झाले तेव्हा खांद्यावर दोन फिती होत्या. पाळी सुटली की कामगाराचा खिसा, पिशवी, डबा आणि गाडीची डिकी बघितल्याशिवाय ते दांडा वर करत नसत. कोणाच्या घरी बाजरीची भाकरी आणि कोणाच्या बायकोचा हात मिठाला सैल, हे त्यांना डब्याच्या झाकणावरून कळायचं. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या बुटात तांब्याची तार सापडली, तर त्यांनी मेहुण्याला तिथंच स्टुलावर बसवून वर कळवलं. घरी बायको आठ दिवस बोलली नाही. ते आठ दिवस बरे गेले, असं तात्याबा अजून सांगतात.

एकच गाडी ते तपासत नसत. प्लँट हेड खांबेटे साहेबांची. ती दिसली की दांडा वर जायचा आणि तात्याबांचा हात कपाळाला. तशी लेखी ऑर्डर कुठं नव्हती. पण साहेबाची डिकी उघडायला लावणारा वॉचमन त्यांनी पाहिला नव्हता, आणि पहिला होण्याची त्यांना हौस नव्हती.

सोळा वर्षांपूर्वी स्टोअरमधून कॅटॅलिस्टचा एक डबा गेला. डबा लोणच्याच्या बरणीएवढा, पण आतला माल सोन्याच्या भावाचा. चौकशीत तात्याबांना विचारलं, "त्या दिवशी बाहेर पडलेल्या सगळ्यांची तपासणी झाली होती का?" तात्याबा म्हणाले, "व्हय साहेब, सगळ्यांची." झालं. गेटातून गेला नाही म्हणजे आतल्याच कोणीतरी जिरवला, असं कागदावर ठरलं, आणि त्या पाळीला स्टोअरमध्ये असलेला नागसेन नावाचा हेल्पर कामावरून गेला. ठेकेदाराचा माणूस. त्याला काढायला एरवी कारणही लागत नाही, इथं तर ते आयतं मिळालं. नागसेनचा डबा त्या दिवशी तात्याबांनी स्वतः उघडला होता. आत मेथीची भाजी होती.

साहेबांनी डबा नेला असं तात्याबांना तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या दिवशीही साहेबांची गाडी तात्याबांनी बघितली नव्हती, आणि 'सगळ्यांची' म्हणाले होते. ही गोष्ट त्यांना खात होती. रिटायर झाल्यावर जास्तच, कारण खायला तिला दिवसभर मोकळा माणूस मिळाला. एकदा तरी आपल्या हाती असं गेट यावं, की ज्यातून बिनतपासणीचं कोणी म्हणजे कोणी जाणार नाही, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. साठी उलटलेल्या माणसाला गेट कोण देणार? ते सुनेच्या कॉम्प्युटरनं दिलं.

सून म्हणजे सारिका. भांडगावात, हायवेला लागून घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत 'सारिका डिजिटल'. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेचे बोर्ड, सगळं ती घरच्या कॉम्प्युटरवर जुळवायची आणि दौंडला छापायला पाठवायची. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन यायचं, ती खुपसायची, काम करायची. ऐन लग्नसराईत एका भावी सरपंचाच्या फ्लेक्सचा पेनड्राइव्ह आला. त्यात चौतीस शुभेच्छुकांचे फोटो होते आणि शुभेच्छुकांच्या मागं लपून बरंच काही. संध्याकाळपर्यंत सगळ्या फायली आंधळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उठेना.

केडगावचा जॉन्सन आला. मिशनच्या चर्चमध्ये साउंड सिस्टिम बघणारा आणि चार तालुक्यांत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा माणूस गोड बोलत नाही, त्यामुळं लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. त्यानं अर्धा तास बघून सांगितलं, "वहिनी, फॉरमॅट मारावा लागंल. सगळं सी ड्राइव्हमधी हाय. सगळं जानार."

सहा वर्षांचं काम गेलं. पत्रिकांचं तिला एवढं वाटलं नाही. पण गणपतीची चव्वेचाळीस चित्रं सारिकानं स्वतः काढली होती, एकेका सोंडेला दोन-दोन दिवस घालवले होते. ती चुलीपुढं बसून रडली, आणि तात्याबांना ते बघवेना. आपल्या घरात चोर शिरला, तोही पुढच्या दारानं, चहा पिऊन, आणि आपण एकतीस वर्षांचे गेटवाले ओट्यावर बसून पेपर वाचत होतो!

ते खुर्ची ओढून जॉन्सनच्या शेजारी बसले. "आता पुन्यांदा असं व्हायला नगं. काय करायचं ते सांग."

"दोन गोष्टी," जॉन्सन म्हणाला. "एक, डिस्कचं भाग पाडायचं, पार्टिशन. सीमधी नुसतं विंडोज. वहिनींचं काम डीमधी. उद्या सी बिघडला तर तेवढाच पुसायचा, डीला धक्का न्हाई."

तात्याबांना हे लगेच पटलं. कंपनीत सॉल्व्हंटची शेड वेगळी आणि तयार मालाची वेगळी असते, ती काय शोभेसाठी? एक पेटली तर दुसरी राहावी म्हणून. त्यांनी डी ड्राइव्हला 'स्टोअर' असं नाव द्यायला लावलं. सीला 'प्लँट', आणि तिथं कामाशिवाय कोणी जायचं नाही.

"पन आबा, डिस्क एकच हाय बरं का," जॉन्सन म्हणाला. "तीच मेली तर दोनी शेड गेल्या. म्हनून बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी काढून कपाटात ठेवा."

"आन् दुसरी गोष्ट?"

"अँटीव्हायरस टाकतो. फ्रीवाला."

तात्याबा थबकले. "फ्री म्हंजी फुकट? मग ह्येचा पगार कोन देतंय?"

"कंपनी देती त्येंची."

"आन् कंपनीला कोन देतंय?"

"पैसेवालं घेत्यात ते लोक. फुकटवाल्याला रोज सांगत्यात, तुमीबी पैसेवालं घ्या."

"म्हंजी ड्युटीवर असताना चहापानी मागनार," तात्याबा म्हणाले. बिनपगारी वॉचमन कुठूनतरी खातोच, हा त्यांचा अनुभव होता. पण मागून खाणारा चोरून खाणाऱ्यापेक्षा बरा, म्हणून त्यांनी परवानगी दिली.

जॉन्सन भराभर 'नेक्स्ट' दाबत निघाला तसा त्यांनी त्याचा हात धरला. प्रत्येक पान थांबवून, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात एक चौकोन आधीच टिक करून ठेवलेला होता.

"हे कोन?"

"कायतरी ब्राउझर हाय. त्येच्यासंगं येतो."

"एका पासवर एकच मानूस," तात्याबा म्हणाले. "त्येला उतरव." जॉन्सननं टिक काढली. असे आणखी दोन उतरवले.

मग परीक्षा. कंपनीत नवा गार्ड आला की तात्याबा आपल्याच माणसाच्या बुटात नट घालून त्याला गेटातून पाठवायचे. गार्डनं पकडला तर नोकरी पक्की. "तुज्याकडं असला खोटा चोर हाय का?" त्यांनी विचारलं. जॉन्सन पहिल्यांदा हसला, कारण तसा होता. अँटीव्हायरस जागा आहे की नाही हे बघण्यासाठीच बनवलेली एक निरुपद्रवी फाइल असते. ती त्यानं पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह लावला, आणि स्क्रीनवर लाल पाटी आली. तात्याबांनी मान डोलावली. गार्ड पास.

दुसऱ्या दिवसापासून गेट सुरू झालं. तात्याबांनी कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह लावायची भोकं चिकटपट्टीनं बंद केली, एक सोडून. कारखान्याला गेट एकच असतं. दाराशी टेबल, त्यावर दोनशे पानी रजिस्टर: नाव, गाव, काम, पेनड्राइव्हचा रंग, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सही. पेनड्राइव्ह आधी तात्याबांच्या हातात, ते लावणार, राइट क्लिक करून स्कॅन करणार, हिरवी पाटी आली की मगच सारिकानं माउसला हात लावायचा.

"आबा, गिऱ्हाईक पळंल," सारिका म्हणाली.

"चोर पळंल," तात्याबा म्हणाले.

गिऱ्हाईक कुरकुरलं, पण पळालं नाही. भावी सरपंच पुन्हा आला आणि त्याच्याजवळ एकशे बारा व्हायरस निघाले. तात्याबांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि शेरा म्हणून लिहिलाही. पोरगा गोकुळ, म्हणजे सारिकाचा नवरा, पिक्चर घेऊन आला. "आबा, मी घरचाच हाय की." "मग आधी तुजी तपासनी," तात्याबा म्हणाले. सारिकाचे वडील बारशाचे फोटो घेऊन आले. व्याही म्हणजे नाजूक काम. तात्याबांनी त्यांना पोहे दिले, चहा दिला, तब्येत विचारली, आणि नऊ मिनिटं थांबवून त्यांच्याकडून सही घेतली. रोज अकराच्या सुमाराला अँटीव्हायरस 'अपग्रेड करा' म्हणून वर यायचा. त्याचीही नोंद व्हायची: 'वॉचमनने पगार मागितला. नकार दिला.'

असे चार महिने गेले. सारिकानं गणपती पुन्हा काढायला घेतले, सतरा झाले, ते 'स्टोअर'मध्ये आणि कपाटातल्या डिस्कवर सुखरूप होते. तात्याबांची जेवणावरची वासना परत आली.

मग एका मंगळवारी दुपारी दारात पांढरी गाडी थांबली आणि खांबेटे साहेब उतरले.

केस पिकले होते, हातात काठी होती. केडगावच्या बाजूला त्यांनी जागा घेऊन छोटं घर बांधलं होतं, वास्तुशांतीची पत्रिका करायची होती, हायवेवरचा बोर्ड बघून आले. तात्याबा खुर्चीतून उठले. हात कपाळाला गेला, तो कोणाला न विचारता गेला.

"अरे, तात्याबा! तुम्ही इथं कसे?" साहेब मनापासून खूश झाले. सारिकानं लगबगीनं खुर्ची पुसली. साहेबांनी खिशातून काळा पेनड्राइव्ह काढला, "घराचे फोटो आहेत यात," आणि पुढं केला. सारिकानं सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांचा हात अजून कपाळालाच होता. साहेब माणसाला काय ताटकळत ठेवायचं, म्हणून तिनंच हात पुढं केला.

चार महिन्यांत गावातला एक माणूस तात्याबांनी सोडला नव्हता, आणि आता जीभ उचलत नव्हती. आता गप्प बसलो तर हे गेटही गेलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"साहेब," ते म्हणाले. "ते... तपासावं लागंल."

"हो हो, तपासा ना," साहेब म्हणाले.

त्यांनी पेनड्राइव्ह तात्याबांच्या हातात ठेवला. रजिस्टर पुढं केलं तर चष्मा लावून नाव लिहिलं, गाव लिहिलं, रंगाच्या रकान्यात 'काळा' लिहिलं, सही केली. तात्याबांनी स्कॅन लावलं. अर्ध्या मिनिटात हिरवी पाटी आली. आत चाळीस फोटो होते, दुसरं काही नव्हतं.

"चांगली पद्धत आहे," साहेब म्हणाले. "कंपनीत माझी गाडी मात्र तुम्ही कधी उघडायला लावली नाहीत. मी मनात म्हणायचो, तसा काही नियम असेल."

"नियम नव्हता साहेब."

"नव्हता? मग विचारायचं की हो. मी काय नाही म्हणालो असतो?" साहेब हसले आणि सारिकाशी पत्रिकेचा रंग ठरवायला वळले.

तात्याबा टेबलाशी बसून राहिले. साहेब गेले तेव्हा त्यांनी सलाम केला, पण साहेबांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. बाहेर जाण्याची वेळ लिहायची राहिली.

"आबा, काय झालं?" सारिका जवळ आली. "पेनड्राइव्हमधी काय घावलं का?"

"न्हाई. साफ होता."

"मग बरंच झालं की."

"बरं कुठलं पोरी," तात्याबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "अर्धा मिनिट लागला. सोळा वर्सांमागं विचारलं असतं, तरी तेवढाच लागला असता."

त्यांनी सारिकाला टेबलाशी बसवलं, पायात वहाणा सरकवल्या आणि दौंडकडं जाणाऱ्या जीपला हात केला. नागसेन दौंडात कोणत्या गल्लीत राहतो, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सोळा वर्षं ठाऊक होतं.