शिळं पाणी

नळाला नवं पाणी आलं की कालचं शिळं, असा माझ्या बायकोचा कायदा होता. आम्ही मूळचे कवठे येमाईचे. शिरूरला बाजारात हमाली करायला आलो आणि इथंच राहिलो. गावाकडं आडाचं पाणी रोज ताजं शेंदायचं, ती सवय तिनं इथंही सोडली नाही. दुष्काळाच्या त्या सालांत नळ आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड यायला लागला. तरी नळ आला की ही उरलेली कळशी अंगणात शिंपायची.

मी ओरडायचो, "लोक टँकरमागं पळत्यात आन् तू पाणी फेकतीस?"

"फेकते कुठं? सडा घालते. पाहुणा आला तर शिळं पाणी देऊ व्हय त्याला?"

"कोण मरायला येतंय पाहुणा या उन्हात?"

"न्हाई आला तर तुम्हीच बाहेर जाऊन परत या. पाहुणा म्हणून देते."

अशी होती. तिच्यावर धड चिडताही यायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं नळाचं पाणी भरलं, कळशीवर तांब्या पालथा घातला आणि दुपारी तिला दम लागला. दवाखान्यात चालत गेली, घरी आणली ती उचलून.

मयताच्या घरचं पाणी ठेवत नाहीत. बायांनी हंडे, बादल्या, माठ सगळं ओतायला काढलं. मी तेवढी एक कळशी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. कोणी बघितलं असेल तर बोललं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, लेक वरवंडला सासरी गेली. कळशी तिथंच. मी जाता-येता तिला हात लावायचो. गार लागायची.

पुढं महिना-दीड महिन्यानं पुण्याची एक पोरगी आणि एक साहेब गल्लीत आले. ऊन असंच वाढत गेलं, पाऊस असाच चुकत राहिला, तर शिरूर तग धरेल का, नळ, गटारं, दवाखाने पुरे पडतील का, हे बघत ते घरोघर फिरत होते.

"आबा, नळ आलाच नाही तर तुमचे किती दिवस निघतील?" पोरीनं विचारलं.

"आठवडा निघंल."

"इतकं साठवता?"

"पाणी सगळ्यांएवढंच हाय. पिणारा एकटा."

"म्हणजे या घराला काळजी नाही," साहेब म्हणाले.

शेजारीण दारात उभी होती. तिचं घर माणसांनी भरलेलं. ती म्हणाली, "आमचं विचारा साहेब! आबांच्या घरी पाण्याची टंचाई न्हाई, माणसांची हाय."

"मग तुझी दोन दे की इकडं," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं.

पोरगी भांडी बघत मागच्या खोलीत गेली. तांब्या उचलून तिनं कळशीत बॅटरी मारली. "आबा, यात अळ्या झाल्यात. डास होतील. शेजारी तान्हं बाळ आहे ना? ओता हे."

"ते राहू द्या."

"का?"

"मालकिणीनं भरलंय."

पोरीनं बॅटरी विझवली. कळशी तिनंच ओतली असती तर मी भांडलो असतो. तिनं तांब्या परत पालथा घातला आणि म्हणाली, "तुम्हीच ओता. आम्ही नाही हात लावत."

ते गेल्यावर शेजारच्या बाळाचं रडणं ऐकत बसलो. ते रोजच रडायचं, पण त्या दिवशी निराळं ऐकू आलं.

सकाळी कळशी बाहेर काढली. मोरीत ओतवेना. तिचं पाणी तिनं कधी मोरीत ओतलं नव्हतं. मग सडाच घातला. बायकांचं काम, हात वळत नाही. तिच्या हातून पाणी पसरत जायचं, माझ्या हातून एकाच जागी चिखल. गल्ली बघत होती. बघू दे. चहा होईपर्यंत अंगण वाळलंसुद्धा.

नळ आला तेव्हा कळशी घासून भरली. पुढच्या नळाला ती शिंपली, पुन्हा भरली. तसंच चालू आहे. त्यातलं पाणी कोणी पीत नव्हतं.

शेजारीण एकदा म्हणाली, "आबा, सडा झाला, रांगोळी कवा?"

म्हटलं, "ती मला येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनंच येऊन चार रेघा ओढल्या. मी आतून कळशीतलं तांब्याभर पाणी आणून दिलं. म्हटलं, "घे. ताजं हाय."