स्कॅनच्या आदल्या दिवशीची खिचडी

माझा थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला. रक्त पडायचं, तो मूळव्याध म्हणायचा आणि आम्हीही माना डोलवायचो. नंतर डॉक्टरांनी बजावलं, रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्या. म्हणजे मी आणि माझा पुतण्या. पुतण्या चाळिशीचा, आईचं एक ऐकेल तर शपथ. "काकाने केली तर मी करीन," असं म्हणून त्याने सुटका करून घेतली. काका इंजेक्शनची सुई बघूनच आडवा होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी वहिनी कोपरहून आमच्या कोलशेतच्या घरी हजर. "भावजी, सगळं तुमच्यावर अडलंय. तुम्ही गेलात की तो जाईल. नाहीतर तोही बसेल मूळव्याध, मूळव्याध करत."

मी तपासणीला तयार झालो. पण आतड्यात दुर्बीण घालून घ्यायला साफ नाही म्हटलं. मग डॉक्टरांनी व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी सुचवली. यात आतड्यातून कॅमेरा फिरवत नाहीत. थोडी हवा भरून सीटी स्कॅन काढतात आणि कॉम्प्युटरवर आतडं आतून बघतात. 'व्हर्च्युअल' ऐकून मी एवढा खूश झालो, की हवा कुठून भरतात हे विचारलंच नाही.

आदल्या दिवशी फक्त पाणी, शहाळं, गाळलेलं सूप आणि जुलाबाचं औषध घ्यायचं होतं. एवढं कोण समजावून सांगणार, म्हणून मी घरात "आज उपास" एवढंच जाहीर केलं आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या घराण्यात उपास हा खाण्याचा दिवस असतो. सोबतीला येऊन राहिलेल्या वहिनींनी दुपारी साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवली. दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं, काही दाणे तर अख्खेच.

मी म्हटलं, "वहिनी, हे चालेल का?"

"उपासाला चालतं हो. धान्य कुठाय त्यात?"

भुकेल्या माणसाला असलं शास्त्र लगेच पटतं. मी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाठीमागून उघडा असलेला झगा घालून मी यंत्रावर आडवा झालो. हवा कुठून भरतात तेही कळलं. पोट टम्म फुगलं आणि पलीकडून आवाज आला, "काका, हवा सोडू नका हां!" आधी उताणा, मग पालथा, असे दोनदा फोटो निघाले.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. पडद्यावर एक ठिपका होता. मला भाऊ आठवला आणि मी घाबरलो. वहिनींनी पर्स छातीशी धरली.

बाई म्हणाल्या, "उताणे होतात तेव्हा हा इथे आहे, पालथे झालात तर तिथे. गाठ आतड्याला चिकटलेली असते, ती अशी हिंडत नाही. काल काय खाल्लंत?"

"काही नाही. उपास होता."

बाईंनी चष्मा काढला. "उपास म्हणजे?"

"खिचडी," वहिनी पुटपुटल्या.

"एकादशी आणि दुप्पट खाशी! पोट साफ करून परत या."

पुढच्या खेपेला वहिनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. मला साधा बिस्किटाचा डबाही दिसू दिला नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. वहिनींनी हॉस्पिटलातूनच मुलाला फोन लावला. "काकाचं झालं. आता तू. आणि उपास करू नकोस."

पुतण्या स्वतःच्याच शब्दात सापडला होता. गेला बिचारा. त्याच्याही स्कॅनमध्ये ठिपका दिसला, साधारण शेंगदाण्याएवढा. मी हसत विचारलं, "काय रे, खिचडी?" तो हसला नाही. त्याचा ठिपका पालथं झाल्यावरही जागचा हलला नव्हता.

मग दुर्बीण घालून ती गाठ काढली. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. तशीच राहिली असती तर पुढे झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून खूप रडल्या. मग पदराने डोळे पुसून उठल्या.

"चला भावजी, घरी. आज उपास नाही, तरी खिचडी करते."