केझायाचा सोयीचा ताप

फेब्रुवारीत लंडनमधल्या बर्मंडसीच्या टॅलो गल्लीत लाल तापाची साथ शिरली, तेव्हा तो आपल्याला झाला नाही म्हणून खट्टू होणारी केझाया प्लमरिज एकटीच. शेजारच्या डॉर्कस टिबच्या नवऱ्याला ताप येऊन गेला. मग पॅरिशच्या, म्हणजे वस्तीचा कारभार पाहणाऱ्या कचेरीच्या, माणसांनी तिच्या घरची अंथरुणं गाडीतून नेली, रोगाचं विष मरावं म्हणून मोठ्या भट्टीत भाजली आणि फुकटात परत आणून दिली. विषाचं काय झालं देव जाणे. ढेकूण मात्र झाडून सगळे मेले.

"चेस्टनटसारखे तडकले असतील बघ," डॉर्कस म्हणाली.

केझायाचा जीव जळला. रविवारी तिची थोरली बहीण हेफ्झिबा केंटहून राहायला येणार होती. मागच्या खेपेला ती एका रात्रीत पळाली होती आणि गावभर सांगत सुटली होती, "लंडनात आमची केझाया ढेकणांच्या घरी भाड्यानं राहते."

म्हणून शुक्रवारी केझायानं फ्लॅनेलचं खरखरीत फडकं घासून गाल लाल केले आणि ती कण्हत निजली. पॅरिशचे आरोग्य निरीक्षक मिस्टर टफनेल गाडी घेऊन आले. खोलीत खुर्ची नव्हती, ते पलंगावरच टेकले.

"जीभ दाखवा, बाई."

जीभ ठणठणीत होती.

"घसा?"

"घोटभर पाणी गिळवत नाही, साहेब."

"उशीखालून तळलेल्या माशाचं शेपूट दिसतंय."

"ते बरं वाटल्यावर खायचंय."

"या गल्लीतला हा सातवा ताप. गादी भाजून आली की सगळ्यांचा उतरतो."

"औषधच तसं गुणकारी आहे, साहेब."

"भट्टी रोग्यांसाठी आहे, ढेकणांसाठी नाही," असं बजावून टफनेलसाहेबांनी 'निरोगी' लिहायला वही उघडली. पेन्सिल थांबली. त्यांनी मांडी खाजवली. मग मान. मग कॉलरमध्ये दोन बोटं घातली. केझाया छताकडे बघत भोळेपणानं पडून राहिली.

साहेब ताडकन उठले. "संशयित," त्यांनी दारातल्या गाडीवाल्यांना सांगितलं. "गादी, उशा, चादरी, सगळं न्या. माझा कोटही घ्या."

"अगं बाई, तुम्हालाही ताप?"

"गप्प पडा. तुम्ही आजारी आहात."

रविवारी हेफ्झिबानं टोपी काढायच्या आधी गादीची शिवण न् शिवण उसवल्यासारखी तपासली. एक ढेकूण सापडेना. दुसऱ्या दिवशी ती नऊपर्यंत घोरली आणि जांभई देत म्हणाली, "इतकी झोप मला घरीसुद्धा लागत नाही गं. ईस्टरपर्यंत राहतेच आता."

ईस्टरला सात आठवडे होते. केझाया तशीच डॉर्कसकडे गेली आणि हळूच म्हणाली, "गल्लीत कुणाकडे चार-दोन जिवंत उरलेत का गं?"