उपमुख्यमंत्री आमच्या ओटीवर

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण उपमुख्यमंत्र्यांचा प्रश्न निघाला की मी अजून वैतागते. मुलं विचारायची, बाई, राज्यघटनेत हे पद कुठल्या कलमात आहे? कुठल्याच नाही, मी म्हणायची, शोधून दमाल. शपथ घ्यायची ती मंत्री म्हणूनच, आणि अधिकार काय ते हातातल्या खात्याचे. आपलं राज्य झालं तेव्हा हे पद नव्हतंच. पुढं मिळून-मिसळून सरकारं यायला लागली. दोन चुली एक करायच्या म्हटल्यावर दुसऱ्यालाही मानाचा पाट लागतो, तसं ते आलं. मधे मधे रिकामंही राहिलं. आता बघावं तर एकदम दोघं!

आमच्या घरातही असं एक पद आहे, माझे धाकटे दीर. नंदाखाल गावातली नारळी-केळीची वाडी सगळी तेच बघतात, पण हुकूम दुसऱ्याचा लागतो. आधी थोरल्या भावाला विचारायचे. माझे यजमान गेले तेव्हापासून मला विचारतात. वहिनी, खत कुठलं टाकू? अहो, मला केळीतलं ओ की ठो कळत नाही! तुम्हीच ठरवा म्हटलं की तोंड एवढंसं करतात.

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामाची माती कुणीतरी आमच्या वाडीच्या टोकाला, ओहोळाच्या तोंडावरच ओतून गेलं. बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं जादा पाणी त्याच ओहोळानं खाडीला जातं. पाणी तुंबलं आणि खालची अर्धी बाग मुळापासून कुजली. वरचीही गेली तर वाडी विकायची, असं दिरांनी ठरवलं. मला विचारूनच, अर्थात. मी फावडं घ्या म्हणाले, तर म्हणे सरकारी रस्त्याची माती, परवानगीशिवाय हात कसा लावायचा? मग आम्ही ऑफिसांचे उंबरठे झिजवले. जो तो म्हणायचा, वरून सांगायला लावा.

आणि वरचेच आले. शेजारच्या हॉलमध्ये उपमुख्यमंत्र्यांचा कार्यक्रम होता. तिथून राजोडीकडे जाता जाता साहेब दहा मिनिटं तुमच्या ओटीवर टेकतील, असं कार्यकर्ते सांगून गेले. दिरांनी सकाळीच माडावर माणूस चढवला. दोन उपमुख्यमंत्र्यांपैकी हे कुठले, ह्यांचं खातं कुठलं, मातीचा विषय त्यात बसतो का, हे सगळं मी त्यांना समजावलं. ते मान डोलवत होते.

आमच्याकडे रीत अशी, की पाहुण्यानं शहाळं पिऊन खाली ठेवल्याशिवाय आपल्या कामाचं तोंडातून काढायचं नाही. पाहुणा काय, कामासाठी धरून आणलाय? दिरांनी स्वतःच्या हातानं शहाळं दिलं आणि हात बांधून उभे राहिले. साहेब थकलेले होते, सावकाश पीत होते. मी खुणा केल्या, डोळे वटारले, शेवटी कोपर मारलं. दीर ढिम्म! तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "हो साहेब, निघालोच," ते म्हणाले आणि उठले. त्यांनाही वरचं कुणी होतंच की. अर्धं शहाळं दिरांच्या हातात देऊन ते म्हणाले, "पाणी फार गोड आहे. या बागा जपा हो." मी उंबऱ्यातूनच मातीचं ओरडून सांगितलं. सांगतो, सांगतो, म्हणाले आणि गाडीत बसले.

मी दिरांवर इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. मग ऑफिसात फोन केला, की उपमुख्यमंत्र्यांना सांगितलंय. पलीकडून विचारलं, कुठल्या? मी सांगितलं. तर म्हणे, तसा काही निरोप नाही. कपाळावर हात मारून घेतला मी.

वाडी आज आमची आहे ती त्यानंतरच्या श्रावणातल्या एका सकाळमुळे. रात्रभर कोसळला होता. वरच्या केळी घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. दीर खांद्यावर फावडं घेऊन मागच्या दारी आले.

"माती फोडायला चाललोय," ते म्हणाले.

"परवानगी घेतलीत का?" हे मीच म्हणाले! मलाच माझी लाज वाटली.

"नाही. आणि तुम्हांलाही विचारत नाहीये, वहिनी."

आवाज चढलेला नव्हता. भावाच्या मागं, मग भावजयीच्या मागं उभा राहण्यात या माणसाची साठी उलटली होती. मला भरून आलं. पुढं काय करायचं ते मला खरंच सुचेना.

"मी काय करू, भाऊजी?" मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरचं फावडं सावरलं. मग म्हणाले, "घमेलं घेऊन या."