यजमानाची वीस मिनिटं

आमच्या विषयात एक रीत आहे. ज्याच्या गावी वार्षिक संमेलन भरतं, त्यानं व्याख्यान द्यायचं नाही. त्यानं चहा बघायचा, पंखे बघायचे, प्रोजेक्टरची वायर कुणाच्या पायात येत नाही ना ते बघायचं आणि शेवटी आभार मानायचे. याला सौजन्य म्हणतात. हे सौजन्य कुणी ठरवलं ते विचारायचं नसतं. ज्यांच्या गावी कधीच संमेलन भरत नाही, त्यांनी ठरवलं असावं.

विषय सांगून टाकतो, कारण बारामतीत मी काय शिकवतो हे विचारणारे लोक दुसऱ्या वाक्याला उसाच्या दरावर येतात. माझा विषय उपयोजित टोपोलॉजी. टोपोलॉजी म्हणजे आकारांचं असं गणित, ज्यात लांबी-रुंदीला किंमत नाही. काय कशाला जोडलंय आणि मधे कुठे भोक आहे, एवढंच बघायचं. हे गणित आम्ही माहितीच्या ढिगाऱ्याला लावतो. माहितीचे ठिपके मांडायचे आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ हळूहळू फुगवत न्यायचं. वर्तुळं एकमेकांना भिडतात, मधे पोकळ्या तयार होतात. काही पोकळ्या लगेच बुजतात, त्या खोट्या. काही बराच वेळ टिकतात, त्या खऱ्या. देशभरातले आम्ही मूठभर लोक हे काम करतो आणि वर्षातून एकदा जमून एकमेकांना सांगतो, की हा विषय आता सगळीकडे पसरतोय.

माझं काम सणसरच्या आमच्या शेतात सुरू झालं. कॅनॉलचं पाणी मुबलक आणि पाणी देणाऱ्याचा हात सैल, त्यामुळे जमिनीतले क्षार वर येतात आणि उभ्या उसात टक्कल पडतं. अशा जमिनीला आमच्याकडे चोपण म्हणतात. उपग्रहाच्या चित्रात ही टकलं पोकळ्यांसारखी दिसतात. कुठलं टक्कल आपोआप बुजेल आणि कुठलं पसरत जाऊन शेत खाईल, हे त्या पोकळीच्या टिकण्यावरून आधीच ओळखता येतं, एवढंच माझं म्हणणं. ते मी कित्येक संमेलनांत पोस्टरवर मांडलं. माझ्या पोस्टरची जागा ठरलेली, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात. तिथे जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर घाई असते आणि परतणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान. दोन्हींचा माझ्या कामाशी संबंध नसतो.

मी बारामतीच्या मंडईत पेरू विकून शिकलो. पहिला भाव सांगणारा हरतो, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. त्यामुळे समितीच्या सचिव बाईंनी जेव्हा फोन करून विचारलं, की यंदाचं संमेलन बारामतीला घ्याल का, तेव्हा मी लगेच हो म्हणालो नाही. हॉल लहान आहे, ऊन कडक आहे, प्राचार्य तिरसट आहेत, असं रडगाणं लावलं. प्राचार्य बिचारे गाईसारखे आहेत. बाई पुरेशा हवालदिल झाल्यावर म्हणालो, घेतो, पण मला वीस मिनिटं हवीत. पोस्टर नको, व्यासपीठ. त्या हो म्हणाल्या. मग कार्यक्रमपत्रिका आली. माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, ‘स्थानिक व्यवस्था व आभार’ या शब्दांपुढे.

मी फोनवर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, यजमान पहिल्या पंगतीला बसतो का कधी?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला मी काय सांगायचं?”

“पहिल्या नको. शेवटच्या तरी पंगतीला वाढा.”

“बघू,” त्या म्हणाल्या.

हा शब्द मंडईत मीही आयुष्यभर वापरलाय. त्याचा अर्थ मला कुणी समजावायला नको.

संमेलनाचं मुख्य आकर्षण म्हणजे मोठे सर. आमच्या विषयातले ते सर्वांत थोर, आणि त्यांची साधी राहणी त्यांच्या गणिताहून प्रसिद्ध. ते मूळचे मराठीच, पण आयुष्य दक्षिणेत गेलं. पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यांनी स्वतः हातानं एक नकाशा काढून पाठवला. स्टेशन, एसटी डेपो, कॉलेज, एमआयडीसीतलं अतिथीगृह, जेवणाचा हॉल आणि संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीच्या शिवारफेरीसाठी सणसर. प्रत्येक ठिकाणाला एक ठिपका, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या. खाली एक ओळ होती, ‘अंतरांना महत्त्व नाही.’ विषयातल्या लोकांना हा विनोद इतका आवडला, की त्यांनी तो एकमेकांना पाठवून पाठवून नकाशा पार पुसट केला.

आदल्या दिवशी दुपारी काही तरुण संशोधक डेपोपासून बॅगा ओढत चालत एमआयडीसीत पोचले. नकाशात ती रेघ कॉलेज ते जेवणाच्या हॉलएवढीच होती. कॉलेज ते जेवणाचा हॉल म्हणजे मधे फक्त एक चिंचेचं झाड. मुलं टोमॅटोसारखी लाल झाली होती, कामावर निघालेले मोटारसायकलवाले त्यांच्याकडे वळून बघत होते, आणि तरी त्यांतला एक मला अभिमानानं म्हणाला, की सर, जोडणी मात्र बरोबर होती. मी म्हणालो, जोडणी दिल्लीलाही आहे, उद्या चालत जा.

मोठे सर सोलापूरहून इंदापूरला आणि तिथून एसटीनं बारामतीला येणार होते. मी गाडी पाठवतो म्हणालो होतो, ती त्यांनी तत्त्व म्हणून नाकारली. विचारांत खंड पडू नये म्हणून त्यांचा फोन दुपारपर्यंत बंद असतो. सकाळी हॉल भरला, समई लागली, प्राचार्यांचं स्वागत झालं आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामीच राहिली. सगळे दाराकडे बघत होते. माझा फोन वाजला. सणसरहून थोरला भाऊ, दादा.

“धाकल्या, एक पाहुणं हितं कॅनॉलवर हुबं हायती. गळ्यात पिशवी, हातात कागद. कागद म्हणतोय, कॉलेज हितंच हाय.”

“कॉलेज तिथं नाही.”

“त्ये मला ठावं हाय. कागदाला न्हाय.”

काय झालं असणार ते माझ्या लगेच लक्षात आलं. नकाशात इंदापूरच्या बाजूनं सणसरचा ठिपका आधी आणि त्याला लागूनच कॉलेज. सर सणसरला उतरले आणि बाकीची रेघ पायी संपवायला निघाले. स्वतःच्याच नकाशावर एवढा विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, लगेच निघा, रस्ता तुम्हालाच माहीत आहे. म्हणजे ज्या व्यासपीठावर मला जागा नव्हती, त्यावर दुसऱ्याला आणून बसवायचं कामही माझंच. मी म्हणालो, गाडी पाठवतो, मी हलणार नाही. वीज गेली तर जनरेटर कोण बघणार? आणि जायला, यायला वेळ लागणार. तोवर एवढ्या विद्वानांना समईकडे बघत बसवायचं का? बाईंनी हॉलकडे पाहिलं. मागच्या रांगांत लोक फोन काढू लागले होते.

“वीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “एकही जास्त नाही.”

मी ड्रायव्हरला धाडलं आणि लगेच दादाला फोन लावला. म्हणालो, पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नको.

“आरं, आत्ता न्ह्यारीचं टायम हाय.”

“मग न्याहारी दे, आणि मागनं जेवण दे.”

“आन् तुझी गाडी?”

“ड्रायव्हरलाही बसव.”

“व्हय,” दादा म्हणाला. “आईनं तवा ठेवलाच हाय.”

यात कपट काही नव्हतं. आमच्या भागात दारातला पाहुणा उपाशी गेला तर त्याची चर्चा कुणाच्या बारशापासून कुणाच्या तेराव्यापर्यंत चालते. मी फक्त रीत पाळायला सांगितली. रीत समितीलाही प्रिय आहेच.

मग मी बोललो. पोकळी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून थेट उसात शिरलो. एकेक टक्कल दाखवलं, कुठलं बुजत गेलं, कुठलं टिकलं. काही लोक सरसावून बसले. पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठांनी डोळे मिटले. आमच्या विषयात याला चिंतन म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचं चित्र मी शेवटी ठेवलं होतं. आमच्याच शेतातली दोन टकलं, दिसायला सारखी, पण त्यांतलं एक बुजणार आणि दुसरं शेत खाणार, असा माझा अंदाज आणि पुढे तसंच घडू लागलेलं. ते चित्र पडद्यावर आलं आणि बाईंनी ग्लासवर चमचा वाजवला. मंडईत एवढ्या वेळेवर मला कुणी उठवलं नव्हतं.

प्रश्न एकच आला. एकानं विचारलं, ही माहिती खरी आहे, की उदाहरणासाठी बनवलेली? मी म्हणालो, आमच्या घरची आहे. “अच्छा,” म्हणून तो खाली बसला.

मोठे सर दुपारी आले. डोक्यावर टोपी, हातात श्रीफळ, पिशवीतून उसाची कांडी बाहेर आलेली, आणि चेहऱ्यावर आईच्या पुरणपोळीचं तेज. आईनं पुरण कधी शिजवलं, ते मी अजून विचारलेलं नाही. सर व्यासपीठावर गेले, तयार करून आणलेलं व्याख्यान त्यांनी उघडलंच नाही.

“मित्रहो,” ते म्हणाले, “आज मी एका पोकळीच्या आत उभा राहून आलो.”

आणि फोनमधले फोटो पडद्यावर. आमचं शेत. तीच दोन टकलं. जेवण जिरवायला दादानं त्यांना बांधावरून फिरवलं होतं. एका टकलात क्षार उतरावेत म्हणून त्यानं चर खणून ताग पेरला होता, दुसरं तसंच सोडलं होतं. सरांनी विचारलं, हा भेद का? दादानं सांगितलं, ह्ये पसरणारं हाय, ते आपसूक बुजतंय. सरांचा आवाज भरून आला. ना संगणक, ना सूत्र, ते म्हणाले, केवळ पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण. आपण गणितज्ञांनी अशा माणसांच्या पायाशी बसलं पाहिजे. टाळ्या थांबेनात. सकाळी चिंतन करणारे ज्येष्ठसुद्धा उभे राहिले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण शेवटची ओळ माझीच होती, आणि एक गोष्ट समितीच्या ध्यानात आली नव्हती. आभारांवर कुणी चमचा वाजवत नाही.

मी माइक घेतला. प्राचार्यांचे आभार मानले, चहावाल्याचे मानले, न लागलेल्या जनरेटरचे मानले. मग म्हणालो, “आता त्या शेतकऱ्याचे. तो माझा सख्खा भाऊ. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण त्याला गेल्या वर्षी मी दिलं. तोवर पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या दोन्ही जागी ऊसच लावत होतो.”

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग मी सकाळचं शेवटचं चित्र लावलं, दादाला फोन लावला आणि फोन माइकसमोर धरला.

“दादा, पाहुणे विचारतायत. चर कुणाच्या सांगण्यावरून खणलास?”

“तुझ्याच की,” दादा म्हणाला. “तवापासनं शिव्या देतोय तुला. कंबार गेली माझी.”

या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ते चित्र जरा राहू द्या. मी राहू दिलं. बाईंचा चमचा ग्लासशेजारी निमूट पडून होता. लोक पडद्याजवळ येऊन बघू लागले आणि सकाळी न आलेले प्रश्न आता आभारात आले.

चहाच्या वेळी मोठे सर माझ्याजवळ आले. टोपी अजून डोक्यावरच होती. काम चांगलं आहे, ते म्हणाले, आपण यावर एकत्र लिहू या. मी म्हणालो, जरूर. पण आधी पुढचं संमेलन तुमच्या गावी. व्याख्यान माझं, आणि आभार तुम्ही मानायचे.

“बघू,” सर म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. ‘बघू’ म्हणणाऱ्याचा हात सोडायचा नसतो, हे मंडईत शिकलोय. आमच्या आईनं नीट वाढलं ना ते विचारलं, पुरणपोळी कशी होती ते विचारलं, एसटीत बसायला जागा मिळाली का ते विचारलं. सर हो म्हणाले तोवर त्यांच्या चहावर साय धरली होती.

पुढच्या संमेलनाची पत्रिका अजून यायची आहे. आली, की मी आधी शेवटची ओळ बघणार आहे.