बर्गी आला, खिडक्या लावा

आधी माफी मागतो. आपल्या कलकत्त्याच्या मंडळाच्या अंकात लिहिणारी माणसं वेगळी असतात. माझे वडील, आप्पा, चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सध्या रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं मराठी घरात ऐकून आलेलं आहे, शाळेत शिकलेलं नाही, त्यामुळे चुका असतील. कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही. पण बर्गीदा परदेशात वारला, आणि तो कसा वारला याबद्दल माघी गणपतीच्या मांडवात, हळदीकुंकवात दबक्या आवाजात जे बोललं गेलं ते आमच्याही कानावर आलं. आप्पा म्हणाले, "तू शिकलायस न्हवं? मग लिही." म्हणून लिहितो. त्याचं खरं नाव लिहीत नाही. त्याच्या आईने, काकूंनी, तेवढी विनंती केली आहे.

बर्गीदा कुठल्याही खोलीत शिरला की आधी खिडकी उघडायचा. चप्पल काढायच्या आधी, कुणी बस म्हणायच्या आधी. सॉल्ट लेकला त्याच्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये तो खिडक्या उघडत पुढे जायचा आणि काकू त्या लावत मागून यायच्या. "डास येतील रे! तुला चावत नाहीत, आम्हाला चावतात!" तो म्हणायचा, "आई, डास एकटे येत नाहीत. सोबत हवापण आणतात." काका पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "याला डब्याच्या दारात उभं राहायची लहानपणची सवय." काका रेल्वेत मोठे अधिकारी होते. खरगपूर, चक्रधरपूर, बिलासपूर अशा बदल्या होत होत शेवटी गार्डन रीचच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. कुणी "तुमचं गाव कुठलं?" विचारलं की बर्गीदा जरा थांबायचा. मग म्हणायचा, "क्वार्टर."

त्याला बर्गी हे नाव बागबाजारातल्या माशीमांनी दिलं. सेक्टर फाइव्हमधली नोकरी सोडून त्याने यंत्रं बनवायला तिथे तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली होती, आणि माशीमा त्या घराच्या मालकीण. पूर्वी मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन या शहराने खंदक खणला, तो बागबाजारापासूनच. बंगाली आया अजूनही पोरांना झोपवताना त्या मराठी स्वारांची, बर्गींची, भीती घालतात. हा सकाळी फाटकातून आत आला की माशीमा वरून ओरडायच्या, "बर्गी एशेछे! जानला बंद कोरो!" बर्गी आला, खिडक्या लावा. आणि हा खाली खोलीत जाऊन धाडधाड सगळ्या खिडक्या उघडायचा. बंगाल्यांना दादा जोडल्याशिवाय कुणाला हाक मारता येत नाही, म्हणून पुढे तो सगळ्यांचाच बर्गीदा झाला.

आमची ओळखही खिडकीवरूनच झाली. माझे आप्पा गलाईचं काम करायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जुने दागिने वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे ते काम. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीकडची माणसं या कामासाठी देशभर पसरली, तसे आप्पा तरुणपणी कलकत्त्याला बऊबाजारात आले. मालकही गावाकडचेच. एकदा काकू जुन्या पाटल्या आटवायला आल्या, सोबत बर्गीदा. मी आप्पांचा डबा घेऊन तिथेच होतो. भट्टी पेटलेली, कोपऱ्यात तेजाबाच्या भांड्यातून पिवळट तपकिरी धूर उठत होता. बर्गीदा आत आला आणि सरळ खिडकीकडे गेला. फटींत चिंध्या कोंबलेल्या होत्या. त्याने त्या उपसल्या आणि झडप ढकलली.

अख्खी खोली ओरडली. मालक गादीवरून उठून धावले. "ओ साहेब, काय करताय! सोनं उडतंय की!"

गलाईच्या खोलीत वारा चालत नाही. सोन्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते. जमीन झाडली की केर जपून ठेवतात. घरी निघताना कारागीर हातपाय धुतात ते पाणीसुद्धा पिंपात साठवतात. मग खिडकी कोण उघडणार? मालकांनी झडप लावली, आप्पांनी खाली पडलेल्या चिंध्या उचलून पुन्हा फटींत कोंबल्या. कोंबता कोंबता त्यांना खोकल्याची उबळ आली. बर्गीदा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. काकूंच्या पाटल्यांचं काय झालं ते त्याने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, सोनं उडणार नाही आणि धूर राहणार नाही, असं काही केलं तर?"

आप्पा हसले. "साहेब, तसं झालं तर मालक तुमची आरती करतील."

"साहेब नको. बर्गी म्हणा. सगळे म्हणतात."

"बर्गी कसं म्हणू? मीबी बर्गीच की."

पुढचं वर्षभर मी कॉलेज सुटलं की बागबाजारात जायचो. त्याने दोन वस्तू बनवल्या. एक जाळी, धूळ पकडणारी. एक पेटी, धूर पकडणारी; तो धूर सोड्याच्या पाण्यातून फिरवून बाहेर काढायची. दोन्ही मिळून एक यंत्र. पहिल्या महिन्याअखेर जाळीचं कापड जाळलं तर राखेतून सोन्याचा मणी निघाला. मालकांनी तो तळहातावर घेऊन खरंच कपाळाला लावला. पेटीचं मात्र पाणी वरचेवर बदलावं लागायचं, मोटर घरघरायची. पावसाळ्यात मालकांनी ती काढून ठेवली. जाळी राहिली. पेटीवर चहाचे ग्लास ठेवू लागले. बर्गीदाला ते दिसलं तेव्हा तो रागावला नाही. एक ग्लास उचलून चहा प्याला आणि म्हणाला, "ठीक आहे. कमी आवाजाची करू."

मैलाचा दगड हे त्याचं आवडतं बोलणं. रुळांशेजारचे किलोमीटरचे दगड मोजत लहानपण गेलेलं. काही चांगलं झालं की लोक पेढे वाटतात, हा मला घेऊन बागबाजारच्या घाटावर जायचा, गंगेकडे तोंड करून बसायचा आणि म्हणायचा, "दगड गेला रे एक." एकदा मी म्हटलं, किती आलो ते बघून बरं वाटतं. तर म्हणाला, "दगडावर किती आलो ते लिहीत नाहीत. किती उरलं ते लिहितात." मी पहिल्या वर्षाला पास झालो तेव्हाही आम्ही तिथेच बसलो होतो. मला माझे गुण सांगायला लाज वाटत होती, फार नव्हते. तो म्हणाला, "मला माझ्या बापाने रूळ टाकून दिले होते. तू माळावरून चालत आलायस. तुझा दगड मोठा." हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहितो आहे.

इकडे त्याच्या यंत्रात कुणाला रस नव्हता. बेल्जियममधल्या काही मंडळींना होता. तिकडे जुने मोबाइल फोडून त्यातलं सोनं काढतात, त्यांना जाळी हवी होती. त्यांनी जागा देऊ केली, कंपनी काढायला मदत देऊ केली. अट एवढीच की तिकडे येऊन राहायचं. तो निघाला त्या दिवशी काकूंनी हातावर दही घातलं. माशीमा टॅक्सीपर्यंत आल्या आणि रडत म्हणाल्या, बर्गी चालला, आता उघडा सगळ्या खिडक्या. आप्पा विमानतळावर यायला तयार नव्हते, तिथे कसं वागायचं ते कळत नाही म्हणून, पण आले. बर्गीदाने वाकून नमस्कार केला तसे ते दोन पावलं मागे सरले. तो म्हणाला, "आप्पा, कंपनी उभी राहिली की पहिली पेटी बऊबाजारला."

त्यानंतर फोनवर दगड यायला लागले. पहिलं गिऱ्हाईक. पहिली नेमणूक, एक तुर्की मुलगी, हिशेबात त्याच्याहून पक्की. स्वतःचं ऑफिस. "सगळं काचेचं आहे रे, पण इथे खिडक्या उघडतच नाहीत. मी पहिल्या दिवशी कडी शोधत बसलो, सगळे हसले."

आमच्याकडचे दगड उलटे चालले होते. आप्पा आधी जिन्यात मधे बसायचे. मग जिना उतरेनासे झाले. मग आडवं होऊन झोपता येईना, उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जळाली आहेत. बर्गीदा दर वेळी विचारायचा आणि मी खरं ते सांगायचो. एकदा म्हणाला, "इथे कंपनीतले म्हणतात पेटी बंद करा. बरोबर आहे त्यांचं. इथे कायद्यानेच प्रत्येक कारखान्याला धुराडं आहे, पेटी लागते कुणाला? बऊबाजारला. आणि बऊबाजार विकत घेणार नाही." मग, "मी जे विकतो ते सोनं पकडतं रे. माणसाला धरणारं कुणालाच नको."

कंपनीने पेटी सोडली, त्याने सोडली नाही. गावाबाहेर एक जुनं विटांचं गॅरेज घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन एकटाच काम करू लागला. फोनवर दाखवलंही होतं. भिंतीला एक मोठी लाकडी खिडकी होती. "ही उघडते," म्हणाला, आणि उघडून दाखवली.

शेवटचा फोन रविवारी संध्याकाळी आला. तिकडे दुपार होती. तो हसत होता, मधेच खाकरत होता. "चालली रे! अगदी बऊबाजारसारखी खोली केली, तेजाब ठेवलं, पेटी लावली आणि आत बसून राहिलो. चहासुद्धा प्यालो. घसा जरा खवखवतोय, बाकी काही नाही. आप्पांना सांग, मोठा दगड गेला."

आप्पांनी फोन हातात घेतला. "साहेब, लई झालं. आता घरला या."

"येतो आप्पा. पेटी घेऊनच येतो."

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. मेसेज जाईनात. सॉल्ट लेकच्या फ्लॅटला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, दोघं मुलाकडे गेले, मुलगा आजारी आहे. दुर्गापूजा झाली, दिवाळी झाली. मग मांडवातलं ते बोलणं सुरू झालं, कुणाच्या तरी नातेवाइकाकडून आलेलं. धंदा बुडाला म्हणे. एकटा होता म्हणे. खोली आतून बंद होती म्हणे.

काका-काकू परत आले तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं. फ्लॅटमधल्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. काका सरळ बसले होते, ऑफिसात बसावं तसे. म्हणाले, "त्या फोननंतर तो खोलीवर गेला, जेवला, झोपला. हा धूर लगेच मारत नाही. रात्रीतून छातीत पाणी भरतं. सकाळी उठला नाही."

मी विचारलं, "पेटी चालत नव्हती?"

"थोडी चालत होती. सगळा धूर धरत नव्हती." मग ते पुढे झुकले. "पोलिसांना गॅरेजची खिडकी लावलेली सापडली. फटींत चिंध्या कोंबलेल्या. आतून. ते म्हणतात, हे मुद्दाम केलंय. मी म्हणालो, माझा मुलगा उभ्या जन्मात खिडकी लावून बसला नाही. तर ते म्हणाले, म्हणूनच." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुला माहीत असेल तर सांग, बाळा. काही असलं तरी सांग. आम्हाला चालेल."

मी सांगितलं. बऊबाजारच्या खिडकीचं, चिंध्यांचं, त्या फोनचं, तो कसा हसत होता त्याचं. काका म्हणाले, हे त्यांनाही सांगशील का?

तिकडच्या तपास अधिकाऱ्यांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. माझं इंग्रजी अडखळत होतं. त्यांना चिंध्या समजेनात, सोनं उडतं हे तर समजेचना. तेव्हा आप्पा म्हणाले, मला तिथं ने. बरेच महिने जिना न उतरलेला माणूस माझ्या आणि एका जुन्या कारागिराच्या खांद्यावर बऊबाजारला आला. मालकांनी काम थांबवलं नाही, पण अडवलंही नाही. मी फोन धरला. आप्पांनी खिडकीच्या फटीतून एक चिंधी उपसून कॅमेऱ्यासमोर धरली, आणि दम लागत लागत मराठीतच म्हणाले, "हे बघा साहेब. आमी रोज असंच बसतो. मरायला न्हाई बसत." मी त्याचं इंग्रजी केलं. पलीकडच्या अधिकाऱ्याने सगळी खोली फिरवून दाखवायला सांगितली. मग त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, ते काय आहे? ग्लास ठेवलेली पेटी होती ती.

त्यालाही बरेच दिवस झाले. आप्पा आता खाटेवरच असतात, खिडकीशी. मी पुढे काय करणार ते विचारतात, मी सांगतो, अजून ठरलं नाही.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अपघात लिहिलं रे त्यांनी," एवढंच म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून फक्त रस्त्याचा आवाज येत होता. ऑटोचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक. त्यांनी खिडकी उघडली असावी.